ॲडव्हान्स देऊन वर्ष झालं, बेस मात्र अजून कागदावरच

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नाशिकचे एक वाचक. वय एक्केचाळीस, सहकारी बँकेत नोकरी. सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात आणि लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमांत बेस गिटार वाजवतात. सध्याचा चार तारांचा बेस त्यांनी ऑनलाइन मागवला होता. आला तेव्हापासूनच त्याचा व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायची फिरती कळ) खरखरत होता. ग्राहक सेवेकडून "तक्रार तांत्रिक विभागाकडे पाठवली आहे" एवढंच उत्तर येत राहिलं आणि एक दिवस तक्रार परस्पर बंद झाली. मग त्यांनी ठरवलं, कंपन्यांच्या नादी लागायचं नाही, मनातला बेस कारागिराकडून बनवून घ्यायचा. परराज्यातल्या एका कारागिराला पाच तारांच्या बेसची ऑर्डर दिली. किंमत १ लाख ४० हजार, त्यातले ९० हजार आगाऊ. बोली सहा महिन्यांची होती, आता चौदा महिने झालेत. मेसेजला दोन-तीन आठवड्यांनी उत्तर येतं, कधी सोबत एखादा फोटो. पत्नीचं म्हणणं, पैसे गेले असं समजा. मित्रांचं म्हणणं, वकिलाची नोटीस पाठव. वाचकाला भीती वाटते की फार तगादा लावला तर तो माणूस रागाच्या भरात काम बिघडवेल. थांबावं, पैसे परत मागावे, की दुकानातून तयार पाच तारांचा घ्यावा? आणि ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या हौशी माणसाने या वयात असं स्वप्न बघणं शोभतं का?

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्यामुळेच अडलेत असं पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं. स्वप्न बघणं तुम्हाला पूर्ण शोभतं. हे वाद्य जन्माला आलं तेच तुमच्यासारख्या वादकांच्या अडचणींतून. नाचगाण्याच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांना भलामोठा डबल बेस गाडीतून न्यायचा त्रास व्हायचा आणि इतकं करून तो बाकीच्या वाद्यांत ऐकूही यायचा नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तो यावरचा उपाय म्हणून. चौतीस इंचांची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, गळ्यात अडकवता येईल असं अंग आणि बोटं दाबायच्या पट्टीवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या कडा, त्यामुळे बोट ठेवलं की सूर नेमका लागणार. आजही बहुतेक बेस त्याच चौतीस इंचांवर बनतात. पुढे सत्तरच्या दशकात नेड स्टाइनबर्गर नावाच्या फर्निचर बनवणाऱ्या डिझायनरने आधी वादकाच्या अंगाला वक्राकार बसणारा बेस केला आणि नंतर हेडस्टॉक (चाव्या बसवलेलं वरचं टोक) काढूनच टाकला. डोक्याकडचं वजन गेलं, ट्यूनिंगच्या चाव्या ब्रिजकडे, म्हणजे तारा अंगावर जिथे टेकतात तिकडे, आल्या. राल्फ नोवॅकने १९८९ मध्ये पंख्यासारख्या तिरप्या फ्रेटचं पेटंट घेतलं, कारण जाड तारेला लांबी जास्त हवी असते आणि बारीक तारेला कमी.

ही नावं मुद्दाम घेतली. यातल्या प्रत्येक रचनेच्या मुळाशी एकच नेमकी अडचण आहे. म्हणून मी तुम्हाला विचारते, तुमच्या स्वप्नातल्या बेसने तुमची कुठली अडचण सुटणार आहे?

पत्रासोबत तुम्ही रचनेची सगळी यादी पाठवली आहे. पस्तीस इंची स्केल, तीन पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग), अठरा व्होल्टचा प्रीॲम्प (बेसच्या आतच आवाज वाढवणारं सर्किट), ब्राझिलियन रोझवुडची पट्टी, पट्टीच्या कडेला एलईडी आणि बाराव्या फ्रेटवर शिंपल्यात कोरलेला पैठणीचा मोर. त्याच पत्रात मधेच, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की चार तासांचा कार्यक्रम झाला की डावा खांदा मंगळवारपर्यंत दुखतो, आणि नेक (बेसची मान) सतत खाली जात असल्याने डाव्या हातानेच तो उचलून धरावा लागतो. माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. यादीत मात्र त्याचं काहीच नाही. वजन किती असावं याचा आकडा नाही, पट्टा अडकवायची वरची खुंटी कुठे यावी याचा उल्लेख नाही. उलट यादीतल्या बऱ्याच गोष्टींनी बेस आणखी जड आणि आणखी लांब होणार आहे.

पस्तीस इंचांचंच बघा. स्केल इंचभर वाढली की पहिल्या फ्रेटचं अंतर साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवरून जवळपास पन्नासवर जातं. दीड मिलिमीटर काही विशेष नाही, बोटांना त्याची सवय होते. पण पहिला फ्रेटही अंगापासून जवळपास इंचभर लांब जातो, हात जास्त पसरावा लागतो आणि पट्ट्याला लटकलेला तोल आणखी डावीकडे सरकतो. दुखऱ्या खांद्याला हे जाणवणारच. पस्तीस इंच मागतात ते खालचा 'बी' घट्ट वाजावा म्हणून, आणि त्यात तथ्य आहे. तीच तार, तोच सूर असेल तर इंचभर लांबीने ताण साधारण सहा टक्के वाढतो. मात्र तेवढा फरक चौतीस इंचांवर थोडी जाड तार लावूनही मिळतो. १३०ची (०.१३० इंच जाडीची) चांगली तार, अंगाशी पक्का बसलेला नेक आणि नीट कापलेला नट (वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तो तुकडा) असला तर चौतीस इंची पाच तारांचे बेस 'बी'वर उत्तम बोलतात. शिवाय पस्तीस इंचाला प्रत्येक कंपनीचा तारांचा सेट पुरतोच असं नाही. तार गुंडाळलेली लांबी कमी पडली की बारीक झालेला भाग नटवर येतो. नाशिकमध्ये शनिवारी दुपारी तार तुटली तर काय मिळणार, हा विचार आधी करायला हवा.

आता तीन पिकअप. तुम्ही अंगठ्याने स्लॅप वाजवता असं लिहिलंय. तार वर ओढायला बोट ज्या जागेत घुसतं, तिथेच तुमचा तिसरा पिकअप येणार. दोन पुरेत. अठरा व्होल्ट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे. जोरात वाजवताना सूर फाटण्याआधी थोडी जास्त जागा मिळते, इतकंच. त्यासाठी नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सांभाळाव्या लागतात, आणि केबल खोचलेली असेपर्यंत त्या वाजवा न वाजवा उतरत राहतात. ऑर्केस्ट्रात मध्यंतरात बेस स्टँडवर तसाच केबलसकट ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. प्रीॲम्प बंद करून वाद्य पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय, चालवता येईल असा स्विच मागा, म्हणजे भर गाण्यात बॅटरी गेली तरी बेस गप्प होणार नाही.

ब्राझिलियन रोझवुडचा हट्ट मात्र सोडाच. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंधन आहे. कुणी सहज देतो म्हणालं तर ते लाकूड तरी दुसरं असतं किंवा व्यवहार तरी भलता असतो. आपली शिसवी जगभरातले नामवंत कारखाने पट्टीसाठी वापरतात. २०१७ मध्ये रोझवुडच्या सगळ्याच जातींना परवान्याची अट लागली तेव्हा वाद्य बनवणाऱ्यांची मोठी अडचण झाली होती, आणि २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आपल्या डोंगरातलं लाकूड परदेशातल्या वादकांना हवं असतं आणि आपण त्यांच्याकडचं मागत बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एलईडीऐवजी अंधारात उजळणारे ठिपके कडेला बसवून घ्या. त्यांना वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही.

मोर ठेवा. त्याने सूर सुधारणार नाही आणि खांदाही दुखायचा थांबणार नाही, तरीही ठेवा. हातात घेतल्यावर आनंद होणं हेसुद्धा वाद्याकडून मागायला हरकत नसलेलं काम आहे, आणि त्याचं वजन काही ग्रॅम भरतं.

खांद्यासाठी यादीत हे घाला: तयार बेसचं वजन चार किलोच्या आसपास, अंग आतून पोकळ्या ठेवून हलकं केलेलं, चाव्या हलक्या वजनाच्या, आणि वरच्या शिंगावरची पट्ट्याची खुंटी बाराव्या फ्रेटच्या रेषेपर्यंत आलेली. ही शेवटची गोष्ट कागदावर अगदी किरकोळ दिसते, पण नेक खाली जाणं बहुतेक वेळा तिथेच थांबतं. हेडस्टॉक नसलेला बेस तुम्हाला चालणार असेल तर तोही विचारा. फक्त त्याच्या ब्रिजला साध्या तारा लागतात की दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा, हे आधी विचारून घ्या. आणि तोवर सध्याच्या बेसला तीन-चार इंच रुंद, आतून खरखरीत असा पट्टा आजच लावा.

पाच तारांबद्दल मला शंका नाही, पण कारण नीट कळू द्या. खालचा उघडा 'बी' साधारण ३१ हर्ट्झचा असतो. लग्नाच्या हॉलमधल्या पुष्कळशा साउंड सिस्टिममधून तो मूळ सूर धड बाहेरच पडत नाही. म्हणून "छाती हादरली पाहिजे" या आशेने घेणार असाल तर निराशा होईल. खरा उपयोग वेगळा आहे. गायिकेने ऐन वेळी गाणं काळी दोनमध्ये घेतलं की चार तारांवर खालचा सा मिळतच नाही, वरचा धरून वाजवावं लागतं आणि गाण्याचा पाया उचलल्यासारखा वाटतो. पांढरी एक, पांढरी दोन, तीच गत. पाचव्या तारेवर ते सूर सहज हाताखाली येतात आणि हात एका जागी ठेवून अख्खं गाणं वाजवता येतं. तुम्ही मात्र पाच तारांचा बेस मित्राकडे दहा मिनिटंच वाजवलाय. कुणाकडून महिनाभरासाठी मागून आणा, भाड्याने मिळाला तरी चालेल. न वाजवलेल्या तारेला उजव्या अंगठ्याने गप्प ठेवणं शिकावं लागतं. तारांमधलं अंतर १९ मिलिमीटर हवं की १७, हे तुमच्या हातालाच कळेल. मोर पट्टीत बसण्याआधी ते कळलेलं बरं.

आता कारागिराबद्दल. तुम्ही स्वतःच लिहिलंय की ऑर्डर दिल्यावर तीनदा बदल कळवले: स्केल वाढवली, तिसरा पिकअप घातला, मोर नंतर सुचला. प्रत्येक वेळी तो "हो जाएगा" म्हणाला. किंमत किती वाढेल, तारीख किती पुढे जाईल हे त्याने सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. तुम्ही सहा महिने धरून बसलात, त्याच्या मनात ते सहा महिने शेवटच्या बदलापासून सुरू झाले असतील. उशिराची सगळी जबाबदारी तुमच्यावर टाकतेय असं समजू नका. धंदा त्याचा आहे, बदल स्वीकारताना नवी तारीख लिहून देणं त्याचं काम होतं. पण स्केल बदलली म्हणजे फ्रेटच्या सगळ्या खाचा बदलल्या, पट्टी नव्याने कापायची. हे लक्षात घेऊन त्याच्याशी बोललात तर बोलणं भांडणावर जाणार नाही.

उशिराची काही कारणं खरी असतात. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा इतका असतो की लॅकर मारताना त्यावर पांढुरकी झाक धरते, म्हणून शहाणे कारागीर पावसाळ्यात पॉलिशचं काम पुढे ढकलतात. नेकचं लाकूड कापल्यावर काही दिवस तसंच ठेवून ते वाकतंय का बघतात, परत रंधा मारतात. ब्रिज, पिकअप, ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) बाहेरून मागवलेले असले तर कस्टममध्ये अडकतात. मात्र ही कारणं माणूस आपणहून आणि नेमकी सांगतो. "थोडा काम बाकी है" हे कारण नव्हे. तुमच्याकडे आलेले फोटो परत बघा. त्यांतलं लाकूड एकच आहे का, त्याचे रेषे जुळतात का? आता एक फोटो सांगून मागवा: अंगाची मागची बाजू, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि नेक. ज्याच्याकडे काम खरंच सुरू आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे.

तगादा लावला तर तो मुद्दाम काम बिघडवेल, ही तुमची भीती पुष्कळांना असते. शिंप्याकडे, सुताराकडे, सोनाराकडेही आपण याच भीतीने तोंड बंद ठेवतो. माझा अनुभव असा की चांगला कारागीर नेमक्या प्रश्नाने दुखावत नाही. त्याला वैताग येतो तो "झालं का, झालं का" याचा आणि मध्यरात्रीच्या लांबलचक मेसेजचा. आणि नुसतं तारीख विचारल्याने कुणी काम बिघडवणार असेल, तर गप्प राहूनही त्याच्या हातून चांगलं वाद्य निघालं नसतं. तुम्ही चौदा महिने सौजन्याने थांबलात, आता तुम्हाला लेखी उत्तर मागायचा पूर्ण हक्क आहे. त्याच्या-तुमच्या भाषेत, साधारण असं लिहा:

"नमस्कार. आपली ऑर्डर अमुक तारखेची, रक्कम १ लाख ४० हजार, त्यातले ९० हजार मी दिले आहेत. मध्यंतरी मी सांगितलेल्या बदलांमुळे काम वाढलं असेल, हे मला मान्य आहे. सोबत अंतिम यादी जोडली आहे. यानंतर माझ्याकडून एकही बदल होणार नाही. कृपया तीन गोष्टी कळवा: आज काम कुठवर आलं आहे (फोटोसकट), या यादीप्रमाणे अंतिम किंमत, आणि वाद्य पाठवायची तारीख. दहा दिवसांत उत्तर मिळालं तर बरं होईल. वाद्य पाठवायची तारीख पाळता येणार नसेल तर पैसे परत करण्याबद्दल बोलू."

हे ई-मेलने पाठवा, व्हॉट्सॲपवर त्याची प्रत टाका आणि मग दहा दिवस खरोखर काही विचारू नका. अंतिम यादी पाठवण्याआधी मी वर लिहिलेल्या गोष्टींचा निर्णय करून टाका. पट्टी आधीच पस्तीस इंचाला कापून झाली असेल तर तीच ठेवा आणि खुंटी नि वजन यांवर भर द्या. परत चौतीस करा म्हणालात तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

उत्तर नेमकं आलं, तर थांबा. माझा कौल थांबण्याकडे आहे. पैसे परत मागणं कागदावर सोपं दिसतं, पण तुमच्या रक्कमेतलं बरंचसं लाकडात आणि सुट्या भागांत गेलेलं असणार, आणि मोराचा अर्धवट बेस त्याच्याकडून दुसरं कुणी घेणार नाही. म्हणून परतावा ठरलाच तर तो हप्त्यांनी किंवा थोडा कापून मिळेल, हे मनात धरून बोला. पिकअप, ब्रिज असे तुमच्या पैशातून आणलेले भाग तरी पाठव, असंही म्हणता येतं.

दहा दिवसांत काहीच आलं नाही, किंवा पुन्हा "थोडा काम बाकी है" आलं, तर नोटीस. त्यासाठी वकील असलाच पाहिजे असं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे तक्रार नोंदवली की ते समोरच्याशी संपर्क साधतात, आणि पुष्कळदा एवढ्यानेच गाडी हलते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथेच, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते, कारागीर कुठल्या का राज्यातला असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि स्वतः बाजू मांडता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून संकोचात तिसरं वर्ष उजाडू देऊ नका. कार्यक्रमांचे पैसे घेता म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. बँकेतली नोकरी सांभाळून स्वतः वाजवायला घेतलेलं वाद्य आहे, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूलाही हा कायदा संरक्षण देतो.

कंपनीच्या बाबतीत तुमच्यावर अन्याय झाला, हे स्पष्टच आहे. ऑनलाइन विक्रीच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. तक्रार परस्पर बंद करणं बसत नाही त्यात. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात, कंपनी वाईट म्हणून कारागीर चांगला, तो मला पटत नाही. कंपनीकडे वॉरंटीचा कागद असतो, पण तुमचं ऐकणारा ठरावीक माणूस नसतो. कारागिराकडे माणूस असतो, कागद नसतो. तुम्ही एकीकडे माणूस शोधत राहिलात आणि दुसरीकडे कागद मागायचं राहून गेलं. कंपनीशी बोलताना तक्रार क्रमांक, तारीख, आवाजाचा छोटा व्हिडिओ आणि "अमुक दिवसांत बदलून द्या किंवा पैसे परत करा" ही एकच ओळ चालते. कारागिराशी मात्र टप्पे लिहून घ्यावे लागतात: लाकूड कापल्यावर इतके, नेक बसल्यावर इतके, उरलेले वाद्य तयार झाल्याचा व्हिडिओ बघितल्यावर. तुमच्यासारखी ऑर्डर द्यायच्या बेतात असलेल्यांनी ६४ टक्के एकदम देऊ नयेत.

पॉटच्या खरखरीचं म्हणाल तर वॉरंटी संपली असेल तेव्हा मागचं झाकण उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पॉट वीसेक वेळा दोन्हीकडे फिरवा. नाहीच गेली तर ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कुणीही नवा पॉट सोल्डर करून देईल. याच्यासाठी बेस टाकून द्यायची गरज नाही.

त्याच बेसबद्दल तुम्ही आणखी एक लिहिलंय: तारांवरून हात काढला की घूं आवाज वाढतो, आणि मंडपात माइकला ओठ लागले की झटका बसतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हात लावला की घूं कमी होणं हे बहुतेक बेसमध्ये होतंच, तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असल्याची ती खूण. झटका ही मात्र गंभीर गोष्ट आहे आणि तिचं मूळ बहुधा बेसमध्ये नसून मंडपाच्या वायरिंगमध्ये आहे. बेसच्या ॲम्पचं अर्थिंग आणि माइकचं अर्थिंग एक नसलं, किंवा जनरेटरला अर्थिंगच नसलं, की तुमच्या बोटांतून ओठांपर्यंत प्रवाह जातो. त्यात जीव जाऊ शकतो. साउंडवाल्याला टेस्टर लावून दाखवायला सांगा, ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्यायला लावा, आणि तोपर्यंत बेस गळ्यात असताना माइकला हातसुद्धा लावू नका. वायरलेस ट्रान्समीटर परवडला तर अवश्य घ्या. वायरिंग तपासण्यात कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी चालेल.

वहिनींचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. घरातून ९० हजार बाहेर गेलेत आणि वर्षभर नुसते फोटो येताहेत. त्यांना बेसचं स्वप्न समजावत बसू नका, ई-मेल दाखवा, दहा दिवसांनी उत्तर दाखवा. कुठल्या तारखेनंतर काय करायचं हे दोघांनी मिळून ठरवा. तयार पाच तारांचा दुसरा बेस याच वेळी घेणं मला पसंत नाही. हा खर्च पुढे कारागिराशी बोलताना तुमचा हात दुबळा करेल.

आणि वाद्य आलं की खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. लगेच ट्यून करून वाजवायला घेऊ नका, एक रात्र खोलीच्या हवेत राहू द्या. दुसऱ्या दिवशी 'जी' या सगळ्यात बारीक तारेवर पाचव्यापासून सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर पूर्ण संपेपर्यंत ऐका. एखादा लवकर मेला तर तो नेकच्या कंपनाचा दोष असतो. तो फेंडर पद्धतीच्या जुन्या-नव्या कितीतरी बेसमध्ये सापडतो, आणि हेडस्टॉकला थोडं वजन लावून सरकवता येतो. तो सापडला म्हणून भांडू नका. मग 'जी' तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी किती फट राहते ते बघा. पाव ते अर्धा मिलिमीटर ठीक, जास्त-कमी असेल तर ट्रस रॉडने जुळतं. हा सेटअपचा भाग आहे आणि ऋतू बदलला की पुन्हा करावा लागणार. नेक पिळवटलेला असेल, फ्रेट उचलला गेला असेल, किंवा नेक अंगाला बसतो तिथे कागद सरकेल इतकी फट असेल, तर तो दोष. तो त्याच आठवड्यात फोटोसकट लेखी कळवा. पहिले दोन-तीन कार्यक्रम जुना बेसही गाडीत असू द्या.